अभ्यास आफ्रिकेचा, उंबरठा युरोपचा

कंपाला, इबादान किंवा लुसाकाच्या विद्यापीठातल्या एखाद्या तरुण संशोधिकेचा गोषवारा युरोपातल्या आफ्रिका-अभ्यास परिषदेनं स्वीकारला, तर ती लगेच निबंध लिहायला बसत नाही. आधी फाइल करायला घेते. निमंत्रणपत्र, विभागप्रमुखांचं रजेचं पत्र, गेल्या काही महिन्यांचे बँकेचे उतारे, परतीच्या तिकिटाचं आरक्षण, राहण्याच्या सोयीचा पुरावा, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते या फीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं. परिषद ज्या देशात आहे त्याची वकिलात आपल्या राजधानीत व्हिसाचं काम करत नसेल, तर शेजारच्या देशात जाणं आलं. म्हणजे प्रवासाची परवानगी मागायलाही आधी एक प्रवास. निर्णयाला नियमानं १५ दिवस, शंका निघाल्या तर ४५ पर्यंत. आणि मग एका छापील नमुन्यावर चौकटीत खूण केलेलं उत्तर येतं: मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. फी परत मिळत नाही. अविवाहित, तिशीच्या आतली, कायम नोकरी नसलेली पीएचडीची विद्यार्थिनी या चौकटीत नेमकी बसते. अशा परिषदांची खरी गरज नेमकी तिलाच असते.

तिकडे परिषदेत दीड तासाचं सत्र असतं, चार निबंध असतात. अध्यक्ष म्हणतात, आपल्या एक सहकारी व्हिसाअभावी येऊ शकल्या नाहीत. सभागृह क्षणभर हळहळतं आणि उरलेल्या तिघांना पाच-पाच मिनिटं जास्त मिळतात. एप्रिल २०१९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आफ्रिकाविषयक परिषदेला यायच्या २५ संशोधकांपैकी २४ जण व्हिसाच्या अडचणीमुळे पोचू शकले नाहीत, असं तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांत छापून आलं होतं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या सर्वपक्षीय आफ्रिका गटानं या विषयावर अहवाल काढला. आफ्रिकेतून आलेले अर्ज नाकारले जाण्याचं प्रमाण एकूण सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, असं त्यात आकड्यांनिशी दाखवलं आहे.

आफ्रिका-अभ्यासाच्या वर्तुळात ज्ञानाचं निर्वसाहतीकरण, म्हणजे वसाहतकाळाच्या चौकटीतून ज्ञान मोकळं करणं, हा शब्द सध्या फार चलनात आहे. त्यावर विशेषांक निघतात, बीजभाषणं होतात, पदं निर्माण होतात. त्यातलं बरंचसं लेखन चांगलंही आहे. तरी माझं म्हणणं असं, की ही विषमता आता सिद्धांतात कमी आणि कारकुनीत जास्त मुरलेली आहे. परिषदेची तारीख कोणत्या महिन्यात धरायची, निमंत्रणपत्रावर काय लिहायचं, करारात प्रदेशाचे हक्क कुणाकडे ठेवायचे, बढतीच्या नियमात ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ काय लावायचा, इथे ती ठरते. आणि म्हणून दुरुस्तीही इथेच करावी लागेल. बीजभाषणापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते कुणी अंगावर घेत नाही.

पूर्वी असं नव्हतं. डिसेंबर १९६२ मध्ये आफ्रिका-अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय काँग्रेस भरली ती अक्रामध्ये, घाना विद्यापीठात, आणि तिच्यापुढे भाषण केलं घानाचे तेव्हाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला त्यांच्याच हस्ते त्या विद्यापीठातल्या आफ्रिका-अभ्यास संस्थेचं रीतसर उद्घाटन झालं. काँग्रेस नंतर डाकारला गेली, अदिस अबाबाला गेली. इबादानमध्ये इतिहासकार केनेथ डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मौखिक परंपरेला साधन म्हणून मान देत नायजेरियाचा इतिहास नव्यानं मांडायला घेतला. युगांडाच्या कंपालात १९६१ साली रजत नियोगी या तिथेच जन्मलेल्या बंगाली तरुणानं ‘ट्रान्झिशन’ हे मासिक काढलं आणि काही वर्षांतच ते अख्ख्या खंडाच्या वादविवादाचं मैदान झालं. सरकारनं १९६८ मध्ये नियोगींना तुरुंगात टाकलं. मासिक पुढे घानात हललं, नायजेरियन लेखक वोले शोयिंका यांनी ते काही काळ चालवलं, १९७६ मध्ये बंद पडलं, आणि १९९१ मध्ये पुन्हा उभं राहिलं ते अमेरिकेत. एका मासिकाच्या पत्त्यात अख्ख्या विद्याशाखेची वाटचाल दिसावी, असं क्वचित घडतं.

पत्ता बदलण्यामागे हुकूमशहा होते हे खरं, पण विनिमय दरही होता. नायजेरियात १९८५ मध्ये एका डॉलरला एक नायराही पडत नव्हता. १९८६ च्या संरचनात्मक समायोजनानंतर, म्हणजे चलनाचा दर बाजारावर सोडणाऱ्या आर्थिक फेरबदलांनंतर, १९८७ मध्ये सुमारे चार पडू लागले. ग्रंथालयाचं अंदाजपत्रक नायरात आणि नियतकालिकांची वर्गणी पौंड-डॉलरांत. कालपर्यंत शंभर नियतकालिकं येत असतील तर तेवढ्याच पैशांत आता पंचवीस. ग्रंथपालांनी काय केलं? वैद्यक आणि अभियांत्रिकीची ठेवली, इतिहास-समाजशास्त्राची तोडली. नव्या पुस्तकांची खरेदी थांबली. त्या काळासाठी ‘पुस्तकांचा दुष्काळ’ असाच शब्द रूढ झाला. अध्यापक देश सोडून गेले, आणि त्यांच्यामागोमाग संपादक मंडळं गेली. आज टेक्सासमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे नामांकित आफ्रिकी विद्वान दाखवून काही जण म्हणतात, बघा, या क्षेत्रात आफ्रिकी आवाज किती आहे. त्या विद्वानांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण न्यूयॉर्कमधल्या प्राध्यापकाला ग्रंथालय आहे, व्हिसा आहे आणि प्रवासभत्ता आहे. इबादानच्या अधिव्याख्यात्याला यातलं काय आहे, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

गोऱ्या विद्यापीठांतही सगळं सुरळीत होतं असं नाही. अमेरिकेतली आफ्रिकन स्टडीज असोसिएशन १९५७ ची. तिच्या १९६९ च्या माँट्रियल अधिवेशनात कृष्णवर्णीय अभ्यासकांनी सत्रं रोखली आणि कार्यकारिणीत समान जागा मागितल्या. इतिहासकार जॉन हेन्रिक क्लार्क प्रभृतींनी वेगळी चूल मांडली. आफ्रिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ‘कोडेस्रिया’ ही स्वतःची संस्था काढली. तिचं मुख्यालय डाकारला आहे. ती इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी अशा चार भाषांत चालवण्याचा तिचा आग्रह आहे. हा आग्रह किती महाग आहे ते परिषद भरवणाऱ्यालाच कळतं. एका भाषेच्या बूथमध्ये दोन दुभाषे लागतात, कारण अर्ध्या तासापलीकडे एकट्याला ते काम झेपत नाही. बूथ, श्रवणयंत्रं आणि तंत्रज्ञ वेगळे. म्हणून बहुतेक परिषदा एकच भाषा धरतात आणि इंग्रजीत काम करणारा लागोसचा अभ्यासक शेजारच्या फ्रेंचभाषक बेनिनमधल्या कोतोनूत काय लिहिलं जातं ते पॅरिस-लंडनमार्गे ऐकतो.

त्याच बेनिनचे तत्त्वज्ञ पोलां हुन्तोंजी यांनी या रोगाला नाव दिलं: बहिर्मुखता. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत कच्चा माल बाहेर जातो आणि पक्का माल परत येतो, तसंच ज्ञानाचंही होतं. माहिती आफ्रिकेत गोळा होते, सिद्धांत बाहेर तयार होतो आणि आफ्रिकी विद्यापीठ तो विकत घेतं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला आणि मँचेस्टरचं कापड खामगावच्या बाजारात, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलं त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. हुन्तोंजींचा पुढचा मुद्दा जास्त बोचरा आहे. त्यांच्या मते आफ्रिकी अभ्यासक स्वतःसुद्धा बाहेरच्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून विषय निवडू लागतो. आपल्या शेजाऱ्याला कोणता प्रश्न पडला आहे हे तो विचारत नाही. संपादकाला कोणता पडेल हे विचारतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका निबंधाच्या मागोमाग जाऊन पाहता येईल. समजा, उत्तर नायजेरियातल्या कानो शहराच्या बाजारकरांवर कुणी दीडशे मुलाखती घेऊन दहा हजार शब्द लिहिले. नियतकालिक लंडनचं. पहिली चाळणी संपादकाची. बरेच निबंध समीक्षकाकडे न जाताच इथून परत येतात. परत पाठवण्याची ठरलेली कारणं दोन-तीनच आहेत. निबंध वर्णनात्मक आहे, चालू चर्चेशी जोडलेला नाही, अलीकडच्या लेखनाचा संदर्भ नाही. यातलं तिसरं कारण सर्वांत वारंवार आणि सर्वांत अन्यायकारक. अलीकडचं लेखन वर्गणीच्या कुंपणाआड असतं. गरीब देशांसाठी ‘रिसर्च फॉर लाइफ’सारखी फुकट किंवा सवलतीच्या प्रवेशाची योजना आहे, पण त्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथपालानं नोंदणी केलेली हवी, सांकेतिक शब्द अध्यापकांपर्यंत पोचलेला हवा, आणि पीडीएफ उतरेपर्यंत वीज टिकायला हवी. दक्षिण आफ्रिका या योजनेत बसत नाही. भारतही बसत नाही. मग लेखक दहा वर्षांपूर्वीचे संदर्भ देतो, आणि समीक्षक लिहितो की लेखक काळाच्या मागे आहे.

रायन ब्रिग्ज आणि स्कॉट वेदर्स या दोघांनी ‘आफ्रिकन अफेअर्स’ आणि ‘जर्नल ऑफ मॉडर्न आफ्रिकन स्टडीज’ या दोन अग्रगण्य नियतकालिकांची १९९३ पासूनची वीस वर्षं तपासली. आफ्रिकेत राहून लिहिणाऱ्यांच्या लेखांचं प्रमाण घटत गेलेलं दिसलं. लोक पाठवेनासे झाले, म्हणून घटलं का? तर नाही. निबंध येत होते, स्वीकारले जाण्याचं प्रमाण खाली आलं होतं. हे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘आफ्रिकन अफेअर्स’नंच छापले, याबद्दल त्या संपादकांना दाद द्यायला हवी. दर्जाची अट सगळ्यांना सारखीच असते, असं यावर कुणी म्हणेल. अट सारखी असतेच. सराव सारखा नसतो. चालू चर्चेशी जोडून घेणारी प्रस्तावना कशी लिहायची, हे लंडनमधला विद्यार्थी दर आठवड्याच्या चर्चासत्रात शिकतो. ते शिकवता येतं. ब्रिटनमधली आफ्रिका-अभ्यास संघटना आफ्रिकेतल्या शहरांत लेखन-कार्यशाळा घेत आली आहे: संपादक तिथे जातात, कच्चा मसुदा समोर ठेवून एकेका लेखकाबरोबर बसतात. एका संपादकाचा विमानप्रवास आणि वीस मसुदे, असा हिशेब आहे. वीस लेखकांना लंडनला बोलावण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

मुक्त प्रवेशानं, म्हणजे लेख सर्वांना फुकट खुले ठेवल्यानं, हे कुंपण पडेल, असं दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाटत होतं. कुंपण पडलं नाही. वाचकाच्या दारातून उचलून ते लेखकाच्या दारात आणून ठेवलं, एवढंच. मोठ्या प्रकाशकांकडे लेख सर्वांना खुला करायची फी ३,००० डॉलरच्या आसपास जाते. २०२४ च्या मध्याच्या दरानं ते सुमारे ४५ लाख नायरा होतात, म्हणजे नायजेरियातल्या प्राध्यापकाचा कित्येक महिन्यांचा पगार. माफी असते, पण अनेक प्रकाशकांची माफी फक्त पूर्णपणे खुल्या नियतकालिकांना लागू असते, आणि आफ्रिका-अभ्यासातली बहुतेक जुनी नियतकालिकं मिश्र पद्धतीची, म्हणजे काही लेख खुले आणि बाकीचे वर्गणीआड ठेवणारी आहेत. तिथे फी न भरताही छापून येतं. फक्त कानोच्या बाजारावरचा तो लेख मग कानोत कुणाला वाचता येत नाही.

आता बढतीच्या नियमाकडे. नायजेरियातल्या अनेक विद्यापीठांत वरच्या पदासाठी काही लेख परदेशी नियतकालिकांत आलेले असावे लागतात. हेतू चांगला होता: आपल्याच विभागाच्या मुखपत्रात एकमेकांचे लेख छापून बढत्या घेऊ नयेत. परिणाम असा झाला की परदेशी म्हणवणारं काहीही चालू लागलं, आणि ते पुरवायला दुकानं उघडली. ही दुकानं कुठे उघडली, तर बरीचशी आपल्याकडे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेन आणि ब्यर्क यांच्या पाहणीत अशा, फी घेऊन काहीही छापणाऱ्या लुटारू नियतकालिकांत २०१४ या एका वर्षात सुमारे ४,२०,००० लेख आल्याचा अंदाज आहे. लेखामागची सरासरी फी १७८ डॉलर, आणि तीन-चतुर्थांश लेखक आशिया-आफ्रिकेतले. हैदराबादच्या एका कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. तिच्यावरच्या आरोपांत एक असा होता, की परिषदांच्या जाहिरातीत तिनं संमती न दिलेल्या विद्वानांची नावं छापली. आपल्याकडच्या प्राध्यापकांनी बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या एपीआयच्या गुणांसाठी जे केलं तेच लागोसच्या प्राध्यापकांनी केलं. फरक इतकाच की आपल्याला दुकान जवळ होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मागेही घेतली. दक्षिण आफ्रिकेत सरकार मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या लेखामागे विद्यापीठाला अनुदान देतं. तिथे यादीत कसं शिरायचं हा वेगळा खेळ झाला. मोजणी आली की गाळणीची भोकं शोधणारे येतात.

आफ्रिकेतल्या नियतकालिकांची स्वतःची दुखणीही लपवण्यात अर्थ नाही. ‘खंड पहिला, अंक पहिला’ हा तिथला ओळखीचा आजार आहे. पहिला अंक थाटात निघतो, दुसरा वर्षानं, तिसरा निघतच नाही. मराठी लघुनियतकालिकांच्या वाचकाला हे नवीन नाही. कारणं मात्र वैचारिक नसतात. संपादक निवृत्त झाला आणि लेखांची फाइल त्याच्या संगणकातच राहिली. दोन अंक उशिरा निघाले म्हणून नियतकालिकांची नोंद ठेवणाऱ्या सूचींनी नाव काढलं, नाव गेलं म्हणून लेख येईनात. लेखांना कायमचा डिजिटल क्रमांक घेतला नाही, म्हणून उद्धरणं मोजलीच गेली नाहीत. यावरचे उपाय स्वस्त आहेत. नियतकालिक चालवायची ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही आज्ञावली फुकट आहे. क्रमांक देणारी क्रॉसरेफ ही संस्था नव्या लेखामागे एखादा डॉलर घेते आणि २०२३ पासून तिनं सर्वांत गरीब देशांना सदस्यत्वाची आणि नोंदणीची फी माफ केली आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं आणि २००५ पासून दक्षिण आफ्रिकेतून चालणारं ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ पाचशेहून अधिक नियतकालिकं एका ठिकाणी दाखवतं. कमी पडतो तो अर्धवेळ का होईना, पगारी व्यवस्थापकीय संपादक. देणगीदार संस्था परिषदेच्या भोजनाला पैसे देतात, या माणसाला देत नाहीत. एका तीन दिवसांच्या परिषदेच्या हॉटेलखर्चात असा माणूस दोन-तीन वर्षं सांभाळता येईल, असा माझा अंदाज आहे.

पुस्तकांचं गणित याहून विचित्र. युरोपात छापलेलं संशोधनपर पुस्तक बांधीव आवृत्तीत ८० ते १२० पौंडांना असतं, छापलं जातं काहीशे प्रतींत, आणि ग्रंथालयांच्या खरेदीवर जगतं. ज्या गावावर ते लिहिलं त्या गावाच्या जिल्हा ग्रंथालयात ते कधीच पोचत नाही. मग तिथेच का छापू नये? कारण अनेक आफ्रिकी देशांत छापून आलेलं पुस्तक आयातशुल्काशिवाय आत येतं, पण कागद, शाई आणि प्लेटांवर शुल्क लागतं. कच्च्या मालावर कर आणि पक्का माल मोकळा, म्हणजे पुन्हा तेच कापसाचं. केनियानं तर २०१३ मध्ये पुस्तकांवर १६ टक्के मूल्यवर्धित कर लावला. परिणामी पाठ्यपुस्तकांचे मोठे ऑर्डर बाहेर जातात, आणि त्यातले काही नवी मुंबई आणि नोएडाच्या छापखान्यांत येतात. आपल्याकडून आफ्रिकेला जाणाऱ्या कंटेनरांत शालेय पुस्तकं असतात हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसतं.

यातूनही वाट निघते, हे दाखवणारी उदाहरणं आहेत. युरोपनं आफ्रिकेचं अविकसन कसं केलं हे सांगणारं गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांचं पुस्तक १९७२ मध्ये निघालं ते लंडनच्या एका छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशनाच्या आणि दार-एस-सलामच्या टांझानिया पब्लिशिंग हाउसच्या जोडनावानं. पुढे ऑक्सफर्डच्या जेम्स करी यांनी ही सहप्रकाशनाची रीत नियमित केली: ब्रिटनमध्ये एक आवृत्ती, आणि नैरोबी किंवा अक्राच्या प्रकाशकाच्या नावानं स्थानिक किमतीची दुसरी. उलट दिशेच्या विक्रीसाठी आफ्रिकी प्रकाशकांनी १९८९ मध्ये स्वतःच्या मालकीची ‘आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह’ उभी केली. तिचं ऑफिसही ऑक्सफर्डला आहे, आणि हे विनोदी वाटलं तरी समजण्यासारखं आहे, कारण अक्रात छापलेलं पुस्तक नैरोबीला थेट पाठवण्यापेक्षा मागणीनुसार इंग्लंड-अमेरिकेत छापून विकणं सोपं जातं. लेखकानं करार करताना एवढंच करावं: ‘जगभरचे सर्व हक्क’ या ओळीपुढे ‘आफ्रिका खंड वगळून’ हे तीन शब्द घालून घ्यावेत. बहुतेक प्रकाशक फार खळखळ करत नाहीत, तिथे त्यांची विक्री तशीही नगण्य असते. पण विचारावं लागतं, आणि ते सही करण्याआधी.

मग परिषदा आफ्रिकेतच भरवाव्यात का? माझं उत्तर हो असं आहे, पण त्यातले खाचखळगे माहीत असून. आफ्रिकन स्टडीज असोसिएशन ऑफ आफ्रिका ही २०१३ मध्ये स्थापन झालेली संघटना २०१५ मध्ये इबादानला, २०१७ मध्ये अक्राला, २०१९ मध्ये नैरोबीला जमली. आशिया-आफ्रिका अभ्यासकांच्या एकत्र परिषदा अक्रा आणि दार-एस-सलामला झाल्या. तरी नायजेरियन माणसाला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतोच, आणि पश्चिम आफ्रिकेतून पूर्वेला जाणारं तिकीट पॅरिसच्या तिकिटाहून महाग पडू शकतं. आफ्रिकन युनियननं २०१६ मध्ये खंडाचा सामाईक पासपोर्ट जाहीर केला, तो सामान्य माणसाच्या खिशात अजून नाही. म्हणून जागा निवडताना सभागृह किती सुंदर यापेक्षा दार किती उघडं हे पाहावं. रवांडा, बेनिन, गांबिया आणि सेशेल्स सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देतात. रवांडाची राजधानी किगालीला सभागृहंही आहेत. तिथल्या सरकारला टीका सोसत नाही हा आक्षेप खरा आहे, आणि राजकारणावरच्या सत्रांसाठी तो मोठाच आहे. पण अमेरिकेत भरणाऱ्या परिषदेला हा प्रश्न कुणी विचारत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं ज्या १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली त्यातले ७ आफ्रिकेतले होते, आणि ऑगस्टमध्ये मलावी आणि झांबियाच्या पाहुण्यांकडून १५,००० डॉलरपर्यंत हमी रक्कम मागायला सुरुवात झाली.

ऑनलाइन सहभाग हा उपाय म्हणून सांगितला जातो. निबंध वाचण्यापुरता तो आहे. पण परिषदेत निबंध वाचणं हे दुय्यम असतं. संपादकांशी गाठ पडते ती पुस्तकांच्या टेबलांपाशी. पुढच्या ग्रंथाचं प्रकरण कुणाला द्यायचं ते ठरतं चहाच्या रांगेत. पडद्यावरच्या माणसाला चहा मिळत नाही.

परिषद युरोपातच घ्यायची असेल तर निदान कारकुनी नीट करावी. स्वीकृती परिषदेच्या आधी निदान सहा महिने कळवावी, कारण शेंगेनचा अर्ज तितक्याच आधी करता येतो. निमंत्रणपत्र सरसकट एकच नसावं. त्यात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट असावं, आणि ते वकिलातीच्या नावानं असावं. युरोपीय व्हिसा संहितेच्या १६ व्या अनुच्छेदात वैज्ञानिक परिषदेसाठी येणाऱ्या संशोधकांना फीमाफीची तरतूद आहे. ती केंद्रावरच्या खिडकीतल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून पत्रातच तिचा उल्लेख करावा. आणि विमानभाडं नंतर परत देऊ असं म्हणू नये, तिकीट काढून पाठवावं. दोन महिन्यांचा पगार आधी घालून मग पावत्या जोडत बसणं सगळ्यांना परवडत नाही.

हे सगळं सांगताना आपण प्रेक्षकांत बसलेलो नाही. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका-अभ्यासाचा विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठात केंद्र १९७१ पासून. ‘आफ्रिका क्वार्टरली’ १९६१ पासून निघतं. तरी आपल्याकडच्या चर्चासत्रांचे विषय पाहिले तर व्यापार, खनिज, चीन आणि भारत-आफ्रिका संबंध यांतच ती फिरतात. मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या महाराष्ट्रात आफ्रिका हा परराष्ट्र खात्याचाच विषय का असावा? परदेशी पाहुणे बोलवायचे तर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी, मग कॉन्फरन्स व्हिसा. आणि नायजेरिया, घाना, केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून येणाऱ्याकडे प्रवेशापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेल्या पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला हवा, नाहीतर विलगीकरण. आयोजक ही ओळ निमंत्रणपत्रात लिहायला विसरतात आणि पाहुणा विमानतळावर अडकतो. २०२१ च्या जानेवारीत तर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांनाही पूर्वपरवानगी सक्तीची झाली होती. ओरड झाल्यावर महिन्याभरात तो आदेश मागे घेतला गेला. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत आपल्या सरकारी विद्यापीठांना केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस यांची नियतकालिकं खुली झाली. म्हणजे कानोच्या बाजारावरचा तो लेख आता नांदेडमध्ये वाचता येईल.

गोव्याचा धागा तर याहून जवळचा. मोझांबिकची राजधानी मापुतो, तिथल्या एडुआर्दो मोंदलान विद्यापीठातल्या आफ्रिका-अभ्यास केंद्राचे पहिले संचालक होते बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा. संशोधनाची सूत्रं होती दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी अभ्यासक रूथ फर्स्ट यांच्याकडे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जाणाऱ्या मोझांबिकच्या कामगारांचा अभ्यास त्यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन केला. अहवाल आधी पोर्तुगीजमध्ये, तिथल्या वाचकासाठी निघाला. इंग्रजी पुस्तक नंतर, १९८३ मध्ये. तोवर फर्स्ट हयात नव्हत्या. ऑगस्ट १९८२ मध्ये केंद्रात परिषद झाली, आणि तिच्या पाठोपाठ १७ तारखेला आलेलं टपाल उघडताना बाँबस्फोट होऊन त्या गेल्या. ब्रागांसा त्याच खोलीत होते, जखमी झाले. चार वर्षांनी मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. त्या केंद्रानं कामाचा जो क्रम धरला, आधी तिथला प्रश्न, तिथली भाषा, तिथला वाचक आणि मग लंडन, तो आजही धरता येतो. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले, आणि त्या काळची दफ्तरं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. ती पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणजे मापुतोचा पदवीचा विद्यार्थी ती दुभाष्याशिवाय वाचू शकतो. आपल्याकडे ती वाचणारे मोजके. गोवा आणि मुंबई या दोन विद्यापीठांनी मिळून पुढच्या वर्षी एखादी परिषद कमी घ्यावी, आणि त्या पैशांत मोझांबिकविषयक बाडांची यादी पोर्तुगीजमध्ये करून मापुतोला पाठवावी. यादीत बाड क्रमांक, सालं, पानांची संख्या आणि पानं कसरीनं खाल्ली आहेत की शाई उतरली आहे, एवढं असलं तरी पुरे.